फ्रिजमधला मागचा डबा

अण्णांची शुगर त्या घरात सकाळच्या चहाइतकीच उघड होती.

तोंड धुतले की ते जेवणाच्या टेबलापाशी बसत, बोटाला सुई टोचत आणि यंत्रावर आलेला आकडा शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवत. आकडा बरा असला तर म्हणत, "बघा, गडी अजून धावतोय!" वाईट असला तर दोष आदल्या दिवशी दुकानात केक घेऊन आलेल्या कोणा गिऱ्हाइकाचा. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. माणसाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते त्याच्या शुगरची चौकशी करत, आपली सांगत, आणि जाताना दोघे जुन्या वर्गमित्रांसारखे हात मिळवत. गोळ्यांची डबी टेबलाच्या मधोमध, मिठाच्या भांड्याला चिकटून असे. त्यांच्या पत्नी माई ती रोज पुसून परत तिथेच ठेवत.

त्याच घरात आणखी एकीला शुगर होती. तिच्या इन्सुलिनची बाटली मात्र फ्रिजच्या अगदी खालच्या खणात, भाजीच्या मागे, बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात राहत असे. डब्याची ही जागा माईंनीच ठरवली होती. सून या घरात आली त्याच आठवड्यात.

सुनेला हा आजार शाळेत असल्यापासूनचा. लग्नाआधी तिने स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले होते, लपवाछपवी केली नव्हती. थोरला मुलगा हटून बसला, "करीन तर हिच्याशीच," म्हणून माईंनी मान हलवली. पण हलवतानाच एक अट घातली. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. घरात लग्नाची मुलगी आहे. अशा घरातली मुलगी कोण करील?

"पण माई, धाकट्या ताईंचा आणि माझ्या आजाराचा काय संबंध? रक्ताचं नातं तरी आहे का आमचं?" सुनेने तेव्हा विचारले होते.

"लोक रक्त तपासायला येत नाहीत. नाव ठेवायला येतात," माई म्हणाल्या होत्या, आणि विषय मिटला होता.

माई देवभोळ्या नव्हत्या, देवाच्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ दिवा लावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात अन्नाला हात लावला नव्हता. दिव्यापुढे हात जोडून त्यांचे मागणे एकच असे, जीभ खोटी पडू देऊ नकोस. आणि खरोखरच त्या खोटे बोलत नसत. भाजीवाल्याशीसुद्धा नाही. सुनेच्या आजाराबद्दल त्यांना कोणी विचारलेच नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे त्यांनी मनाशी इतक्या वेळा घोटले होते की आता ते देवानेच सांगितल्यासारखे वाटे.

डबा एक वेळ त्यांनी सोसला असता. त्यांच्या डोळ्यांत खुपत होते ते यंत्र.

सून कानात घालायची श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात कामाला होती. भिंगाखाली धरून केसाएवढ्या तारा जोडण्याचे तिचे काम. त्या हाताने तिने घरीच हे जमवले होते. कमरेला इन्सुलिनचा पंप, तोही कोणी वापरून सोडलेला, जुन्या बनावटीचा. दंडावर बटणाएवढी चकती, ती शुगर मोजणार. दोघांच्या मध्ये दुवा म्हणून तिने स्वतः डाख देऊन जोडलेली सर्किटची एक पट्टी, खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत बसवलेली. आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे तिचा फोन. चकतीने आकडा सांगायचा, फोनने हिशेब करायचा, डबीने निरोप पोचवायचा आणि पंपाने इन्सुलिन कमी-जास्त करायचे. शुगर उतरायला लागली की फोन ओरडायचा.

"वाजलं का तुझं डबडं?" माई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "घरात लेकरू रडत नाही, हे रडतं."

हा टोला कुठे बसतो हे त्यांना ठाऊक होते. सून फोन बघायची, खिशातली साखरेची गोळी तोंडात टाकायची आणि काही न बोलता कामाला लागायची. तिच्या न बोलण्याचा माईंना आणखी राग येई. थोरला तिथेच बसलेला असला तर वर्तमानपत्र थोडे वर धरी.

एकदा मात्र माई तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. मायेने नव्हे, या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायला.

"डॉक्टर, हे हिने घरी बनवलंय. घरी! उद्या बिघडलं, नको तेवढं औषध अंगात गेलं, तर जबाबदार कोण?"

"मी," सून म्हणाली.

"तू गेल्यावर तुला कुठं शोधायचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोनवरचा आलेख बराच वेळ खालीवर केला. "माई, तुमचा प्रश्न चुकीचा नाही," त्या म्हणाल्या. "हे यंत्र कोणी तपासून शिक्का मारलेलं नाही. पंप जुना आहे, नळी तुंबू शकते, हिशेब चुकू शकतो. विकतच्या यंत्रात धोक्याची घंटा पंपातच असते. हिच्या पंपाला घंटाच नाही, ती फोनमध्ये आहे. फोन लांब गेला की पंप आंधळा आणि मुका. मी कुणाला हे करा म्हणून सांगणार नाही."

माईंनी सुनेकडे विजयाने पाहिले.

"पण बंद कर असंही मला म्हणवत नाही," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "याच्याआधी ही झोपेत बेशुद्ध पडायची. आता आकडे इतके नीट आहेत की माझ्या दुसऱ्या पेशंटना दाखवावेसे वाटतात. अण्णांची शुगर वेगळी, माई. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून द्यायचं. जास्त झालं तर तासाभरात जीव जाऊ शकतो, कमी पडलं तर दिवसभरात. विकतचं यंत्र हिच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ही दोन धोक्यांतला लहान धोका निवडून बसलीय. डोळे उघडे ठेवून. फक्त एक कमी आहे. घरात आणखी कोणाला यातलं येतं का?"

"आम्हाला काय करायचंय त्यातलं?" माई म्हणाल्या.

"तोच मोठा धोका आहे मग," डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "यंत्रापेक्षा मोठा."

माईंनी ते वाक्य दवाखान्याच्या पायरीवरच सोडले. धाकटीने मात्र वहिनीच्या मागे लागून, दार लावून, थोडेफार शिकून घेतले. दार लावून, कारण आईला कळले असते तर दोघींची धडगत नव्हती.

धाकटीला बघून गेलेल्यांपैकी एका घरचा होकार आला. चांगले, खातेपिते घर. मुलाचे आई-वडील आणि आत्या बोलणी पक्की करायला येणार होते, दुपारची जेवणे झाल्यावर.

माई सकाळपासून पायाला चाके लावल्यासारख्या फिरत होत्या. पडदे बदलले, बशा पुसल्या. सुनेला त्यांनी आपल्या कपाटातला एक नवा, अंगासरशी बसणारा पोशाख काढून दिला. "हा घाल. आणि ते कमरेचं काढून ठेव. कपड्यातून टेंगूळ दिसतं."

"काढणार नाही, माई."

"तासाभराचा प्रश्न आहे."

"माझ्या श्वासाचा आहे. आत सरकवून घालते, दिसणार नाही. पण काढणार नाही."

माईंचे ओठ आवळले गेले. पोशाखाला खिसा नव्हता. सुनेने साखरेच्या गोळ्या ओट्यावर काढून ठेवल्या, फोनही तिथेच ठेवला. जेवण वाढून घेतले, फोनवर जेवणाचे इन्सुलिन सोडले आणि ताटावर बसणार, एवढ्यात दाराची घंटा वाजली.

पाहुणे लवकर आले होते.

"ताट झाक," माई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आधी पाणी घेऊन चल."

"माई, दोन घास खाते. औषध गेलंय आत."

"पाहुणे दारात आणि सून ताटावर? काय म्हणतील?"

तेवढ्यात फोन किणकिणला. नेहमीचीच बारीक सूचना, पण माईंच्या कानात ती तोफेसारखी शिरली. हीच घंटा बैठकीत वाजली तर? काय वाजतंय हो तुमच्या सुनेच्या अंगात, असे कोणी विचारले तर? त्यांनी फोन उचलला, आतल्या खोलीत गेल्या, लोखंडी कपाटात चादरींच्या खाली सारला आणि किल्ली फिरवली. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला.

सून मागे धावत आली होती. "माई, लोखंडातून निरोप जात नाही. तो फोन नसला तर—"

"पाहुणे जाईपर्यंत जगशील. मरत नाहीस." आणि ओट्यावरच्या साखरेच्या गोळ्याही, पसारा दिसू नये म्हणून, त्यांनी स्वयंपाकघरात परतताच खणात लोटल्या.

सुनेने एकदा थोरल्याकडे पाहिले. तो दाराकडे निघाला होता. "होऊ दे ना एवढं," तो म्हणाला. "आईचा जीव टांगणीला लागलाय."

बैठकीत हसणे-खिदळणे सुरू झाले. मुलाचे वडील ऐसपैस माणूस, आत्याबाई जिभेने तिखट. मुलाची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, विचारले तरच बोलणारी. सून पाणी देऊन गेली, मग बशा, मग चहा. दर वेळी स्वयंपाकघरात ती झाकलेल्या ताटाकडे वळे, आणि दर वेळी माईंची हाक येई. "सूनबाई, फळं!" "सूनबाई, सरबत!"

"आता स्पष्टच विचारते, राग मानू नका," आत्याबाई म्हणाल्या. "घरात कोणाला काही आजारबिजार? नंतर कळलं की मनं दुखतात."

माईंनी फळांची बशी पुढे सरकवली. पण अण्णांनी छातीवर हात मारला. "आहे की! मला आहे. शुगर! सकाळचा आकडा ऐकायचाय?"

"अरे वा, मग आपण भाऊ-भाऊ!" मुलाचे वडील ओरडले. "मला पण! गोळ्या कुठल्या घेता?"

दोघांनी टाळ्या दिल्या, सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "पुरुषांचं काय, कमावत्या माणसाला होतंच. बाकी?"

"बाकी सगळे ठणठणीत," माई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारले होते, आणि त्यांनी उत्तर दिले होते.

त्याच वेळी सून सरबताचा ट्रे घेऊन आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घाम होता. ती आत्याबाईंसमोर उभी राहिली आणि ट्रे पुढे करण्याऐवजी तशीच बघत राहिली.

"द्या ना," आत्याबाई म्हणाल्या.

"कपाट," सून म्हणाली. "माई, कपाट... कपाट भरून आलंय." मग ती हसली. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता. आत्याबाईंनी आपणच एक पेला उचलला, तेवढ्यात दुसरा कलंडला आणि सरबत त्यांच्या मांडीवर सांडले.

"अगं बाई! ही काय पिऊन आलीय की काय?"

"सूनबाई! काय ही नाटकं!" माईंचा आवाज चिरकला. सून मटकन जमिनीवर बसली, ट्रे आपटला, काचा चहूकडे उडाल्या. मुलाचे वडील उठून उभे राहिले. "काय होतंय हिला? फेफरं येतं का?"

सगळे माईंकडे बघत होते. आणि माईंनी, ज्यांच्या सकाळच्या दिव्याची वात अजून तेलात ओली होती, त्या माईंनी सांगितले, "काही नाही हो. उपास आहे तिचा. कडक उपास धरलाय. चक्कर आली असेल."

आजवर पाळलेल्या नेमांचा त्यांनी असा आडोसा केला.

"उपास नाही!" धाकटी किंचाळली. ती काचांमधून वहिनीपाशी पोचलीही होती. "वहिनी, इकडे बघ. गिळता येतंय? गिळून दाखव. शाबास." तिने आत्याबाईंच्या हातातला सरबताचा पेला सरळ ओढून घेतला, वहिनीच्या ओठाला लावला, घोट घोट करून पाजला. "दादा, साखरेचं भांडं! काय बघत बसलायस, हल ना! आणि आई, किल्ली दे."

माईंचा हात जुडग्यावर गेला आणि तिथेच थिजला. किल्ली दिली तर सगळेच उघडे पडणार होते.

"आई, ही मरतेय. किल्ली!"

जुडगा माईंनी दिला नाही. धाकटीने तो त्यांच्या कमरेवरून हिसकावून घेतला. फोन बाहेर आला, चकतीशी त्याची गाठ पडली आणि लगेच तो ओरडायला लागला. त्या बैठकीत, त्या पाहुण्यांसमोर, ज्या आवाजाला माई इतक्या भ्यायल्या होत्या तोच आवाज. धाकटीने तो बंद केला नाही. आधी पंप थांबवला, वहिनीच्या जिभेवर चिमूटचिमूट साखर ठेवत राहिली आणि मान वर करून पाहुण्यांना सांगितले,

"माझ्या वहिनीला शुगर आहे. लहानपणापासून. हे यंत्र तिनं स्वतः बनवलंय. फोन जवळ नसला की यंत्राला काही कळत नाही. फोन आम्ही कपाटात घातला, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तुमच्यासाठी तिला ताटावरून उठवलं."

"म्हणजे फसवणूक," आत्याबाई मांडी पुसत उठल्या. "आम्ही तोंडावर विचारलं, आणि तुम्ही तोंडावर ठणठणीत म्हणालात."

"अहो, पण माझी शुगर ऐकून तर तुम्ही टाळ्या दिल्यात," अण्णा चाचरत म्हणाले.

"तुमची गोष्ट वेगळी," मुलाचे वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता भावाचा नव्हता. "आमच्या घरात असलं काही चालणार नाही. चला."

"मीही येणार नव्हते," धाकटी म्हणाली. "जिथं पुरुषाची शुगर मिरवायची आणि बाईची पुरायची, तसलं एक घर मला आहे. दुसरं नको."

पाहुणे गेले. घरात फक्त काचा गोळा करण्याचा आवाज राहिला. सून भिंतीला टेकून बसली होती. रंग परत आला होता. थोरला शेजारी बसून पाण्याचा पेला पुढे करत होता. ती घेत नव्हती.

"झालं समाधान?" माई धाकटीवर फुटल्या. "चांगलं घर घालवलंस. आता बस आयुष्यभर."

कोणी उत्तर द्यायच्या आत दार पुन्हा लोटले गेले. मुलाची आई एकटीच आत आली होती. "रुमाल राहिला माझा," ती म्हणाली. खुर्चीत रुमाल नव्हता, आणि तिने तिकडे पाहिलेही नाही. ती सुनेपाशी वाकली. दाराकडे एकदा बघून, खालच्या आवाजात म्हणाली, "हे यंत्र कुठं मिळतं?"

"मिळत नाही. जोडावं लागतं."

"मला जोडून दे ना. पाया पडते."

"कोणासाठी?"

पर्सचा पट्टा बाईने बोटाभोवती इतका गुंडाळला की बोट पांढरे झाले. "आमच्या घरी कोणाला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "माझ्या पोरीलासुद्धा सांगितलंय, बाहेर बोलायचं नाही. न्हाणीघरात टोचते मी तिला."

माईंच्या हातातला केरसुणीचा फराटा मध्येच थांबला.

सून भिंतीचा आधार घेत उठून उभी राहिली. "जोडून देणार नाही, काकू," ती म्हणाली. "हे माझ्या जबाबदारीवरचं आहे. दुसऱ्याच्या लेकीच्या अंगाला मी ते लावणार नाही. पोरीला चांगल्या डॉक्टरकडे न्या, त्या सांगतील ते करा. पण त्याच्याही आधी घरात सांगा. आज तुमच्या डोळ्यांदेखत काय झालं? यंत्र बिघडलं नव्हतं. लपवलं होतं. लपवलेल्या घरात विकतचं यंत्रसुद्धा वाचवत नाही."

बाहेरून आत्याबाईंची हाक आली. बाईने डोळे पुसले आणि रुमालाशिवायच निघून गेली.

सुनेने मग झाकलेले ताट उघडले. अन्न गार झाले होते. ती उभ्यानेच चार घास जेवली, हात धुतला, फ्रिज उघडून भाजीच्या मागचा डबा काढला. त्यातली बाटली तिने फ्रिजच्या दारातल्या खणात, दुधाशेजारी ठेवली. रिकामा डबा माईंच्या समोर टेबलावर आपटला.

"आजपासून ती तिथं राहील," ती म्हणाली. "आणि या घरातल्या प्रत्येकानं हे यंत्र शिकायचं. तुम्ही, अण्णा, हे, सगळ्यांनी. ज्याला शिकायचं नसेल त्यानं सांगावं. मी माझं सामान बांधीन. रडून सांगत नाही, विचार करून सांगतेय."

"धमकी देतेस?" माई म्हणाल्या.

"हो."

संध्याकाळी माईंनी दिवा लावला. हात जोडले. जीभ खोटी पडू देऊ नकोस, हे मागणे ओठांशी आले आणि अडकले. पुन्हा जुळवून पाहिले. पुन्हा अडकले. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावून पोरीला सुई टोचणारी ती बाई डोळ्यांसमोरून हलेना. तिलाही कोणी विचारले नसेल, म्हणून तिने सांगितले नसेल. दिवा शांत जळत होता. माई उठल्या, त्या दिवसाचे मागणे तसेच अर्धे ठेवून.

सून खोलीत पंपाची नळी बदलत होती. माई दारात उभ्या राहिल्या. चेहरा तसाच कडू.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते डबडं. काय वाजलं की काय करायचं ते. भराभर सांग, मला भाजी निवडायचीय."

सुनेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. माफ केल्याचे त्या नजरेत काही नव्हते. मग तिने पलंगावर थोडी जागा केली. "बसा. आधी हात धुऊन या."

हे वाचणाऱ्या माझ्या बहिणींनो, वर्तमानपत्र बाजूला ठेवण्याआधी एवढे करा. उठा आणि आपल्या फ्रिजच्या अगदी खालच्या खणात, भाजीच्या मागे, हात घालून पाहा.